निंबखेडची उन्हातली पायरी

निंबखेडच्या जामा मशिदीला काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. दुपारी वरच्या पायऱ्यांवर कमानीची सावली पडते, पण सर्वांत खालची पायरी त्या सावलीच्या बाहेर राहते. चैत्र-वैशाखात तिच्यावर अनवाणी पाय टेकवत नाही.

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुसलमान वस्तीच्या प्रत्येक गावात कोणीतरी मशिदीत एतेकाफला बसतो. घरदार आणि धंदापाणी बाजूला ठेवून तो मशिदीतच मुक्काम करतो, नमाज आणि कुराणात दिवस घालवतो. गावातून एकजण बसला तरी सगळ्या गावाच्या वतीने ते होते. त्याला निवांतपणा मिळावा म्हणून कोपऱ्यात एक पडदा बांधून देतात. निंबखेडला मात्र एतेकाफच्या माणसाला पडदा मिळत नाही. आणि ज्याच्या हाती गावाचा काही कारभार आहे, मग तो मशिदीची मिळकत सांभाळणारा मुतवल्ली असो की विणकर सोसायटीचा चेअरमन, त्याला त्या दिवसांत एतेकाफला आत बसताच येत नाही. दुपारची नमाज झाली की त्याने खालच्या पायरीवर येऊन बसायचे, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, बांग होईपर्यंत. डोक्यावर छत्री नाही, बुडाखाली सतरंजी नाही. ज्याचे काही अडले असेल त्याने तिथे येऊन सांगावे. गावचा सरपंच बहुधा हिंदू असतो, तोही येऊन बसतो. त्याला एतेकाफचे बंधन नाही, पायरीचे आहे.

गावची जुनी गढी पाहायला येणारे लोक या पायरीबद्दल विचारतात, आणि सांगायचे काम दस्तगीरचाचांकडे असते. ते पूर्वी मुतवल्ली होते, म्हणजे त्या पायरीचे चटके त्यांनीही खाल्ले आहेत. सुरुवात ते नेहमी एकाच तऱ्हेने करतात. "दुसऱ्या गावांना अवलियाची करामत सांगायला मिळते. आमच्या गावाजवळ सांगायला आमची शरम आहे. ऐकायची असेल तर खाली बसा, उभ्याने ऐकण्यासारखी नाही."

ही गोष्ट बादशाही अमलातली आहे. कोणत्या बादशहाच्या, ते सांगणारेही नक्की सांगत नाहीत आणि चाचा त्यावर वाद घालत नाहीत. तेव्हा गढीवर दिलेर आगा नावाचा किल्लेदार होता. धिप्पाड माणूस, आवाज ढोलासारखा, आणि दारूचा शौक असा की संध्याकाळी गढीच्या गच्चीवर बैठक बसली की खाली पेठेपर्यंत हसणे ऐकू यायचे. नमाजला तो ईदेच्या ईदेला, आणि तेव्हाही शेवटी धावत येऊन मागच्या रांगेत घुसायचा. एकदा दारूच्या भरात त्याने आपल्या मोतद्दाराला, घोडे सांभाळणाऱ्या पोराला, इतके बडवले की तो महिनाभर अंथरुणाला खिळला. शुद्धीवर आल्यावर आगा त्याच्या उशाशी जाऊन बसला, पण हाड मोडले ते मोडलेच. तेव्हा आगा फार चांगला होता असे कोणी समजू नये. चाचा हे आवर्जून सांगतात.

पण आगाचे एक होते. त्याच्याकडे कधीही जाता यायचे. जेवत असला तर रस्सा लागलेली बोटे तशीच वर धरून तो ऐकायचा, शिव्या घालायचा आणि काम करून टाकायचा. निंबखेड कोरड्या अंगाचे गाव. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. गढीवर मात्र खडकात खोदलेले मोठे तळे आहे, एखादा पावसाळा हुकला तरी न आटणारे, आणि त्या तळ्याच्या मोरीतून मातीच्या नळाने पाणी खाली गावातल्या हौदात उतरते. फाल्गुन संपला की आगा स्वतः मोरीपाशी जाऊन उभा राहायचा आणि हौद भरेपर्यंत हलायचा नाही.

गावाला त्याची लाज वाटे. आसपासच्या गावांतले लोक बाजारात चिडवत, तुमचा किल्लेदार आज कुठे लोळतोय म्हणून. शेवटी मशिदीत शुक्रवारचे प्रवचन देणाऱ्या खतिबांनी, बुर्‍हानसाहेबांनी, सुभ्याकडे अर्ज लिहिला. रयतेचा हाकिम दीनदार असावा, जो अल्लाहला भीत नाही तो माणसांना काय सांभाळणार, असे त्यात होते म्हणे. गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी त्यावर अंगठे उठवले. सुभेदाराने आगाला परत बोलावून घेतले. जाताना तो खतिबांना एवढेच म्हणाला, "मोरीकडे लक्ष द्या. उन्हाळा कडक असतो इथला." एका दारुड्याच्या तोंडचे बोलणे म्हणून कोणी ते मनावर घेतले नाही.

त्याच्या जागी अब्दुल वासे आला. खेचरावर एक वळकटी, मागे एक नोकर, अंगात जाडेभरडे कापड. गढीवरच्या गालिचांपैकी एकही त्याने वापरला नाही. पगाराचा बराचसा भाग आल्यागेल्या फकिराला जाई. पहाटेच्या आधी उठून तो नमाजला उभा राही आणि उभ्या-उभ्या रडे, हे नोकराने गावात सांगितले आणि गावाचा ऊर भरून आला. बाजारात आता निंबखेडकर ताठ मानेने फिरू लागले. लांबून लोक फक्त त्याला पाहायला येत. जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, तो पहिल्या रांगेत, खतिबांच्या बरोबर मागे उभा राही, आणि त्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून गावातले प्रतिष्ठित लोक बांग होण्याआधीच येऊन बसत.

तो ढोंगी नव्हता. ही गोष्ट ऐकणाऱ्या पुष्कळांना इथेच वाटते की पुढे त्याचे काही तरी बिंग फुटणार. तसे काही नाही. आत एक आणि बाहेर एक असा तो नव्हता. चाचा म्हणतात, ढोंगी असता तर आम्ही त्याला शिव्या देऊन मोकळे झालो असतो.

आल्या आल्या त्याने एक चांगले काम केले. आगाच्या काळात मोरीवरची माणसे आपल्या ओळखीच्या मळ्यांना चोरून पाणी सोडत. अब्दुल वासेला हे कळले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तळे ही रयतेची अमानत आहे, तिचा जाब आपल्याला कयामतच्या दिवशी द्यावा लागेल, असे म्हणून त्याने मोरीला कुलूप घातले, कुलपावर लाख ओतली आणि लाखेवर आपल्या अंगठीची मोहोर उठवली. आपल्या हुकमाशिवाय मोहोर फुटता कामा नये, असे त्याने रखवालदाराला बजावले. रखवालदार होता तानबा कोळी. त्याचे बाप-आजे त्याच तळ्यावर राबलेले. त्याने कानाला हात लावून कबूल केले. पहिल्या वर्षी अब्दुल वासे वेळच्या वेळी तळ्यापाशी येऊन हुकूम देई आणि हौद भरे. सगळे नीट चालले होते.

रयतेच्या तक्रारी ऐकायला त्याने असर ते मगरीब, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, ही वेळ ठरवली होती. हळूहळू त्याची असरनंतरची तसबीह, माळेवरचा जप, लांबत गेली आणि ऐकणे आखडत गेले. लोकांनीच ते आखडू दिले. अशा माणसापुढे जाऊन बांधाचे भांडण काय सांगायचे, जात्याच्या दगडाची तक्रार काय करायची? आगाकडे जायला लाज वाटत नसे, या नव्या किल्लेदाराकडे जायला वाटू लागली.

दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. पुढच्या उन्हाळ्यात रमजान ऐन वैशाखात आला, आणि नदीच्या पात्रात झरे उकरून लोक घोटघोट पाणी भरू लागले. रयतेची दशा पाहून अब्दुल वासेच्या जिवाला घोर लागला. त्याने मनोमन नवस केला की शेवटचे दहा दिवस आपण एतेकाफला बसू, पावसासाठी दुवा मागू, आणि ईदचा चाँद दिसेपर्यंत माणसाशी एक शब्द बोलणार नाही.

एतेकाफमध्ये बोलायला मनाई नसते. मौन पाळायचा नवस दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बसत नाही, हे खतीब बुर्‍हानसाहेबांना चांगले ठाऊक होते. पण किल्लेदाराने जेव्हा त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरले. ते म्हणाले, "हुजूर, आपल्यासारखी माणसं आता उरली नाहीत." खरे सांगायची जागा ती होती. तिथे त्यांनी कौतुक केले, आणि मशिदीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने पडदा बांधला.

मोरीचा हुकूम द्यायचे राहून गेले. त्याला आठवले नाही, आणि इतक्या मोठ्या इबादतीला निघालेल्या माणसाला अडवून मोरीची आठवण करून द्यायला कोणी धजले नाही. मोहोरेची अंगठी त्याच्या बोटात होती. तीही पडद्याआड गेली.

गावातला हौद आटला. विणकरांचा मोमीनपुरा सर्वांत उताराला, म्हणून तिथे झळ आधी लागली. नदीतले झरे गढूळ झाले आणि त्या पाण्याने हगवण सुरू झाली. मोमीनपुऱ्यात जैतूनबी नावाची विधवा राहत होती. तिची लेक सकीना बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळंत होऊन तिला आठवडाही झाला नव्हता. तिलाही हगवण लागली. अंगावरचे दूध आटले. जैतूनबीने तिला शेजारणीवर सोपवले आणि ती मशिदीकडे आली.

बाईमाणूस, आत जायची रीत नाही. ती खालच्या पायरीवर उन्हात बसली आणि तिथूनच तिने हाक दिली. "हुजूर, मोरी खोलायला सांगा. खाली पाणी नाही."

जोहरच्या, दुपारच्या, नमाजला निघालेली माणसे तिच्यावर डाफरली. "हळू. हुजूर इबादतीत हैत. कुणासाठी दुवा मागाया बसलेत, तुमच्यासाठीच ना?"

ती म्हणाली, "दुवा मागू द्या की. पर आधी मोरी खोलू द्या."

पडद्याच्या पलीकडे अब्दुल वासेने हे सगळे ऐकले. कोपरा दाराजवळ होता आणि जैतूनबीचा आवाज मागावर बसणाऱ्या बाईचा, खटखटीतून पार जाणारा. हाक ऐकताच त्याचा हात पडद्याकडे गेला, असे सांगतात. मग त्याला नवस आठवला. बाहेर इतकी माणसे आहेत, खतीब आहेत, कोणीतरी बघेल, असे त्याने स्वतःला सांगितले आणि कुराण उघडले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्या दिवशी तिने तानबाचे नाव घेतले, तानबा म्हणतो मोहोर फुटल्याशिवाय पाणी सोडता येत नाही, असे ओरडून सांगितले. आणि नेमका तेव्हा अब्दुल वासेच्या मनात तो विचार आला ज्याच्यासाठी पुढे तो जन्मभर मान खाली घालून जगला. त्याला वाटले, ही परीक्षा आहे. सैतान लोभाचे रूप घेऊन आला असता तर आपण ओळखले असते, म्हणून तो दयेचे रूप घेऊन आला आहे. आपली इबादत मोडायला त्याने एका म्हातारीचा आवाज उचलला आहे. असे वाटताच त्याला बरे वाटले. आपण कोणीतरी आहोत, म्हणूनच सैतान इतका खटाटोप करतो आहे, असेही कुठेतरी वाटले. तो कपाळ जमिनीला टेकून सजद्यात गेला आणि त्याने तिच्यासाठी, तिच्या घरच्यांसाठी, साऱ्या मोमीनपुऱ्यासाठी रडून रडून दुवा मागितली. दाढी भिजली. त्या रडण्यात त्याला गोडी लागली होती. एक शब्द उच्चारला असता तर काम झाले असते. उठायचीसुद्धा गरज नव्हती.

ती येत राहिली. तानबाही एकदा येऊन मशिदीच्या बाहेर उभा राहिला. खतीब बाहेर आले तेव्हा त्याने विचारले, "बाबा, काय करू? वरती तळं भरलंया आन् खाली माणसं मरत्यात." खतीब म्हणाले, "ईद जवळ आली आहे तानबा. थोडा धीर धर. हुजूरांचा नवस मोडणं बरं नाही." तानबा परत गेला. तो हुकमाचा माणूस होता. आपणही हुकूम मोडायला घाबरलोच होतो, असे तो पुढे म्हणत असे.

एके दिवशी जोहरला पायरीवरून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. पडद्याआड अब्दुल वासेने शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढली. परीक्षा सरली, सैतान हरला, असे त्याला वाटले.

ईदच्या सकाळी त्याला लोकांनी खांद्यावर घ्यायचेच बाकी ठेवले होते. हात चुंबायला रीघ लागली. चेहरा सुकला होता, पण त्यावर तेज आहे असे सगळे म्हणत होते. गावातला हौद काठोकाठ भरला होता. "हुजूरांची दुवा," लोक एकमेकांना दाखवत होते. अब्दुल वासे हौदापाशी थांबला आणि त्याने पाण्यात हात घातला. पाऊस तर पडलेला नाही, मग पाणी कुठून आले, असे त्याला वाटलेच होते, तोवर गर्दीतून तानबा पुढे आला. त्याने डोक्यावरचे मुंडासे काढून जमिनीवर ठेवले.

"सरकार, मोहोर म्या फोडली. दगडानं. जैतूनबीच्या लेकीला मूठमाती देऊन आलो आन् मग फोडली. आधी फोडायला पायजे होती, मला धीर झाला न्हाई. काय सजा असंल ती द्या."

अब्दुल वासेचा हात पाण्यातच राहिला.

ईदची नमाज ईदगाहवर होते आणि ईदगाहला लागूनच कबरस्तान आहे. त्याच्या मोमीनपुऱ्याकडच्या बाजूला ताज्या मातीचे उंचवटे दिसत होते, एकाशेजारी एक. त्यातल्या एकापाशी जैतूनबी तान्ह्या नातवाला घेऊन बसली होती. नमाज संपल्यावर लोक किल्लेदाराला घेऊन तिच्याकडे गेले, म्हणजे तिला हुजूरांचा आशीर्वाद मिळेल. खतीब तिची समजूत घालत म्हणाले, "बेटी, मनात काही ठेवू नकोस. हुजूर पडद्याआड होते, इबादतीत बुडालेले. त्यांच्या कानावर काही गेलंच नाही."

जैतूनबीने किल्लेदाराकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. "तसंच असणार. कानावर गेलं असतं तर हुजूर उठून आले असते. ते काय मला ठाऊक नाही? माझाच आवाज कमी पडला."

अब्दुल वासे उभा होता. त्याच वेळी तोंड उघडायला हवे होते. नवस संपला होता, चाँद दिसून गेला होता, आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. पण साऱ्या गावाचे डोळे त्याच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत जे होते ते गमवायची त्याची छाती झाली नाही. त्याने नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो गढीकडे निघून गेला. "पडद्याआड गप्प बसला त्याला काहीतरी नाव देता येतं, भूल म्हणा, भ्रम म्हणा. इथं गप्प बसला त्याला नाव नाही," असे चाचा म्हणतात.

त्यानंतर त्याची नमाज लागेना. हात बांधून उभा राहिला की कानात तोच आवाज येई, आणि आता त्याला सैतान म्हणायची सोय राहिली नव्हती. सजद्यात गेला की रडू येई, पण त्या रडण्याची त्यालाच किळस वाटे. तानबाला त्याने सजा दिली नाही, उलट मोरीची किल्ली त्याच्याच हवाली केली. लोक म्हणाले, केवढे मोठे मन! जे काही करावे त्याची गाव थोरवी करून टाकत होते. जैतूनबी गल्लीतून जाताना दिसली की तो वाट बदली. ती मात्र थांबून सलाम करी, आणि तो सलाम त्याला सोसत नसे.

पुढच्या जुम्याला खुतबा, खतिबांचे प्रवचन, सुरू व्हायच्या आधी तो पहिल्या रांगेतून उठला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "जैतूनबी रोज हाक मारत होती. मी रोज ऐकत होतो."

खतीब बुर्‍हानसाहेब हुंदका देऊन म्हणाले, "पाहा, पाहा लोकहो. दुसऱ्यांची चूक अंगावर घेणारा हाकिम पाहा." आणि रांगारांगांतून सुभानल्लाह, सुभानल्लाह असा गजर उठला. कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याची दीनदारी इतकी मोठी झाली होती की त्याचा गुन्हासुद्धा तिने गिळून टाकला.

अब्दुल वासे मशिदीतून बाहेर पडला. जोडे घालायचे भान त्याला राहिले नाही. तापलेल्या वाटेने तो तसाच मोमीनपुऱ्यात गेला आणि त्याच्या मागे, आता हुजूर काय करणार म्हणून, सगळी मशीद गेली. जैतूनबी दारात नातवाला चमच्याने बकरीचे दूध पाजत होती. तो तिच्या ओट्याखाली उभा राहिला.

"अम्मा," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी तू फक्त मोरी म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तानबाचं नाव घेतलंस. मग एक दिवस तू ओरडली नाहीस. हळू बोललीस, जणू कुणाशी गप्पा मारतेस. म्हणालीस, पोरीच्या ओठाला ओलं फडकं लावते, तर ते फडकंच आधी वाळतं. म्हणालीस, जावयाला काय तोंड दाखवू. तेव्हा पायरीवर तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे तुला आणि मला ठाऊक आहे, तिसऱ्या कुणाला नाही."

जैतूनबीच्या हातातला चमचा तसाच राहिला. या वेळी कोणी सुभानल्लाह म्हणाले नाही.

ती म्हणाली, "म्हणजे आवाज पोचत होता."

"पोचत होता."

"मग काय झालं हुजूर? जीभ उचलंना का?"

"मला वाटलं, तू सैतान आहेस. माझी इबादत मोडायला आलीस."

हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला, असे म्हणतात. जैतूनबी रडली नाही. तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिले आणि ती खतिबांना म्हणाली, "त्या दारुड्याला आपण घालवलं ना बाबा? त्या अर्जावर माझ्या मालकाचा बी अंगठा होता. मीच म्हणाले होते त्यांना, लावा म्हणून."

बुर्‍हानसाहेब खाली बसले. चार लोकांसमोर, मातीत. "त्याची दारू त्याच्यापाशी होती," ते पुटपुटले, "आणि पाणी आपल्यापाशी. या हुजूरांची नमाज हुजूरांपाशी राहिली, आपल्यापाशी काय आलं? मौनाचा नवस चालत नाही हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. मला ते मौन आवडलं होतं."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, मग दारुडाच बरा होता म्हणायचा. त्यावर जैतूनबी चिडली. साऱ्या प्रकरणात ती चिडली ती एवढीच एक वेळ. "त्यानं पोराचं हाड मोडलं होतं, विसरलात? मला काय दोन वाईटांतला एक निवडायचाय का? मला हाकिम अल्लाहला भिणाराच पायजे. पर तो कुठं बसून भितो ते मला दिसलं पायजे."

अब्दुल वासेने विचारले, "सांग अम्मा, कुठं बसू?"

"जिथं मी बसत होते तिथं."

असे सांगतात की तिने हे शिक्षा म्हणूनही सांगितले नाही आणि उपदेश म्हणूनही नाही. नातू रडायला लागला होता, तिला आत जायचे होते. ती बोलली आणि आत गेली.

त्या दिवशी अब्दुल वासेने सुभ्याला राजीनामा लिहून पाठवला. सुभेदाराने तो नामंजूर केला, इतका नेक माणूस सोडवेना म्हणून. मग तो राहिला. पुढच्या रमजानला गावातला एक म्हातारा पिंजारी सगळ्या गावाच्या वतीने एतेकाफला बसला, उघड्यावर, पडद्याशिवाय. किल्लेदार खालच्या पायरीवर बसला. रोजा होता, घशाला कोरड होती, पायरी भाजत होती. लोक आधी लांबूनच बघत राहिले, मग एकजण जवळ आला, मग दुसरा. कोणी बांधाचे भांडण सांगितले, कोणी जात्याच्या दगडाची तक्रार केली. तो ऐकत राहिला. त्याची नमाज पुन्हा लागू लागली का, हे कोणी त्याला विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही. जुम्याला मात्र तो पहिल्या रांगेत पुन्हा कधी उभा राहिला नाही.

जैतूनबी पायरीशी कधीच आली नाही. तो होता तोवरच्या प्रत्येक रमजानात ती घागर घेऊन हौदावर जाताना समोरून जाई, आणि तो दरवेळी अर्धवट उठे, काहीतरी मागेल या आशेने. ती सलाम करून पुढे जाई. तिने माफ केले असेल, किंवा नसेलही. लोकांना दोन्ही बाजूंनी बोलता येते आणि लोक बोलतात. चाचांचे म्हणणे असे की हे ठरवायचा हक्क गावाला नाही.

तो मेला तेव्हा गावाने कबरीवर घुमट बांधायचे काढले. कबरीची खूण ठेवणार नाही असे वचन त्याने मरणाआधी तानबाकडून घेतले होते, म्हणून तानबाने ती कबर जमिनीसरशी सपाट केली आणि कुठे ते सांगितले नाही. त्यामुळे निंबखेडला उरूस नाही, संदल नाही, यात्रेची दुकाने नाहीत. शेजारच्या गावांत ते सगळे आहे.

आजही रमजानच्या त्या दिवसांत दुपारी कोणी मशिदीवरून गेले तर पायरीवर कोणी ना कोणी कारभारी घाम पुसत बसलेला दिसतो, आणि त्याच्यापुढे नळाच्या पाण्याचे नाहीतर रेशनच्या दुकानाचे रडगाणे चाललेले असते. आजही बाहेरगावची भाविक माणसे गोष्ट ऐकून हळवी होतात, वाकून त्या पायरीला कपाळ लावतात, कोणी गुलाबाची फुले ठेवते, कोणी उदबत्ती लावते. माणसे वळली की दस्तगीरचाचा ती फुले गोळा करतात, उदबत्ती विझवतात आणि पायरी फडक्याने पुसून घेतात. एकदा एका बाईंनी मागे वळून पाहिले आणि विचारले, "का काढता चाचा? पवित्र जागा आहे ना?"

"नाही ताई," चाचा म्हणाले, "इथं एक बाई हाका मारत बसली होती आणि आम्ही सगळे नमाजला चाललो होतो. तुम्ही फुलं घातली तर आम्ही विसरून जाऊ."